पिकअपचे शॉक बदलताना

सोयाबीनची पोती, द्राक्षांचे क्रेट, उस्मानाबादी शेळ्या असा माल वाहणारी पिकअप हे धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन आहे. कच्चे रस्ते आणि तुळजापूरचा घाट यांचा मार तिच्या शॉक अॅब्सॉर्बरना बसतो. कंपनीच्या शॉकऐवजी बाजारातील दुसऱ्या बनावटीचे शॉक मागील एक्सलला कसे बसवावेत, हे आपण येथे पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गाडीचे वजन शॉक पेलत नाही. ते काम पाट्यांचे. पाट्याची उसळी शमवणे एवढेच शॉकचे काम. आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीचा जोर उष्णतेत विरतो. म्हणून कडक शॉक लावले तरी जादा माल भरता येत नाही. शॉक निकामी झाला की मात्र चाक रस्ता सोडते, ब्रेक उशिरा लागतो आणि टायर जागोजागी खळगे पडून झिजतो.

खरेदी : जुना शॉक सोबत न्यावा. पूर्ण उघडलेली व पूर्ण दाबलेली लांबी, तसेच बुशची मापे जुळवावीत. नवा आखूड असेल तर खड्ड्यात ताणून तुटेल, लांब असेल तर दबून फुटेल. एका एक्सलचे दोन्ही शॉक एकदमच बदलावेत. पक्के बिल घ्यावे.

बसवणी :
१) गाडी सपाट जागी, रिकामी उभी करावी. पुढच्या चाकांना ओट लावावी.
२) जॅक व घोड्या एक्सलखाली लावाव्यात. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये.
३) गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडावे. शॉकला गॅसची ज्योत लावू नये. तो फुटू शकतो.
४) तेलाचा शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे आतील हवा निघते. गॅसच्या शॉकची पट्टी वरचे टोक बसवल्यावरच कापावी.
५) नट आधी हातानेच लावावेत. चाके जमिनीवर टेकल्यावर कंपनीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावेत. अधांतरी आवळल्यास बुशचे रबर पिळून फाटते.

शेवटी ब्रेकची नळी शॉकला घासत नाही ना, हे पाहावे. शंभर किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून नट तपासावेत. ज्यांचा हप्ता त्या गाडीवर चालतो, ते गिऱ्हाईक अशा कारागिराला सोडत नाही.