घातपाती

हा शब्द मोठ्याने वाचा. घा-त-पा-ती. अक्षरे चारच आहेत, पण शब्द जड आहे.

घात म्हणजे नाश. "माझा घात झाला," असे आपण म्हणतोच. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानेच बुडवले, तर तो विश्वासघात. (पेरणीची घात वेगळी बरं का! ती घात आणि हा घात. ती साधली तर पीक येते, हा झाला तर उभे पीक जाते.) पात म्हणजे पडणे. रक्तपात या शब्दात तोच पात आहे. दोन्ही मिळून झाला घातपात. मुद्दाम, लपूनछपून केलेला नाश. तो करणारा घातपाती.

आता याच्या शेजारी अपघात हा शब्द ठेवा. त्यातही घात आहेच. मग फरक कशात? समजा, रात्री पाऊस झाला, रुळाखालचा भराव वाहून गेला आणि गाडी घसरली. हा अपघात. समजा, कोणी रात्री येऊन रुळाचे बोल्ट काढले आणि गाडी घसरली. हा घातपात. गाडी दोन्ही वेळा घसरली, माणसे दोन्ही वेळा जखमी झाली. फरक आहे तो हेतूचा. आणि हेतू काही डोळ्यांना दिसत नाही. त्याला पुरावा लागतो. म्हणून वर्तमानपत्रात "घातपाताचा संशय" असे छापतात. विहिरीत प्रेत सापडले, तरी असेच छापतात. कोणी जीव घेतला असावा, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळजण यातला घातपात तेवढा वाचतात आणि संशय गाळतात.

हा शब्द कोण वापरतो, तेही पाहावे. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर "चले जाव"चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात गेले. मग लोकांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, रूळ उखडले. इंग्रज सरकारने याला घातपात म्हटले. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सोबती लपून राहून लढत होते. सरकारच्या लेखी ते गुन्हेगार. गावकरी त्यांना भूमिगत म्हणत आणि आपल्यातली भाकरी देत. पुढे 1947 साली स्वराज्य आले. 1972 साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली, तेव्हा भूमिगतांचाही त्यात विचार झाला. तार तीच, तोडणारा हातही तोच. नाव मात्र बदलले. पण बांधाच्या भांडणावरून कोणी शेजाऱ्याची वायर कापली, तर तो काही भूमिगत होत नाही!

बांधाचे निघालेच आहे, तर गावातले पाहू. विहिरीवरची मोटार जळाली. भाऊबंदकी आहे. चटकन तोंडातून जाते, "हा त्याचाच घातपात!" पण तीन फेजांपैकी एक फेज गेला तरी मोटार जळते. विजेचा दाब कमी असला तरी जळते. आधी जाणत्या माणसाला मोटार उघडून पाहू द्या. उगाच एकाला घातपाती म्हटले, तर दोन घरांचे येणेजाणे तुटते. पोरांच्या लग्नापर्यंत ते पुरते.

वायर खरेच कापलेली दिसली, तर फिर्याद जरूर द्या. "वायर कापलेली दिसली," हे तुम्ही पाहिलेले. "अमक्याने कापली," हा तुमचा संशय. तो सांगावा, पण संशय म्हणूनच सांगावा. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवली पाहिजे, असा कायदा आहे. आता तर तुम्ही स्वतःच वाचाल. आपण न बोललेला शब्द त्यात आला असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्या. सही नंतर. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या.

पुढील वाक्ये वाचा. अपघात कोणता, घातपात कोणता, आणि कुठे अजून काहीच सांगता येत नाही?

वीज पडून कडब्याची गंजी जळाली.
रात्री कोणीतरी पाटाचे दार फोडताना राखणदाराने पाहिले.
सकाळी पाहतो तो गंजीची राख झालेली.