ऐतिहासिक मालिका आणि इतिहास : ‘स्वराज्यरक्षक संभाजी’च्या निमित्ताने

सप्टेंबर २०१७ मध्ये झी मराठी वाहिनीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा मी सहावीत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती संपली, तेव्हा आठवीत. ही अडीच वर्षे आमच्या घरात रात्रीचे जेवण मालिकेच्या वेळेप्रमाणे होत असे. माझी आजी आयुष्यभर विड्या वळत आली. तिला अक्षरओळख नाही. परंतु रायगडावर काय घडले, कोण कोणाशी काय बोलले, हे ती दुसऱ्या दिवशी शेजारणींना अशा रीतीने सांगे, की जणू ती स्वतः तेथे उभी होती.

मी इतिहास विषय घेतला तो याच मालिकेमुळे, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. मात्र पदवीच्या वर्गात येऊन साधनग्रंथांची ओळख होऊ लागली, तेव्हा काही प्रश्न उभे राहिले. ज्या मालिकेने मला इतिहासाकडे आणले, तिचे ऋण मान्य करून तिला प्रश्न विचारता येतील काय? प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

बखरीपासून मालिकेपर्यंत

संभाजी महाराजांची प्रतिमा मराठी माणसाच्या मनात फार काळ डागाळलेली होती. त्याचे एक मोठे कारण म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. बखरकार हे बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज, आणि बाळाजी आवजींना १६८१ साली संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. लेखणी कोणाच्या घरातील आहे, हे पाहिल्याखेरीज लिहिलेले वाचू नये, असे आमचे प्राध्यापक नेहमी सांगतात. त्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

बखरीतील हा व्यसनी, उतावळा राजपुत्र पुढे नाटकांत उतरला. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ हे अपूर्ण राहिलेले नाटक या संदर्भात नेहमी सांगितले जाते. दुसरीकडे संशोधकांचे काम चालूच होते. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी नऊ वर्षे झुंजणारा राजा या ग्रंथांतून पुढे आला. रंगभूमीवर वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मध्ये पितापुत्रांतील ताण सहानुभूतीने रंगविला, आणि १९७९ च्या ‘छावा’ कादंबरीने शिवाजी सावंतांनी असंख्य वाचकांची मने जिंकली.

तथापि ग्रंथ वाचणाऱ्यांची संख्या ती किती! माझ्या आजीपर्यंत बेंद्रे पोहोचले नाहीत, कमल गोखले पोहोचल्या नाहीत, सावंतही पोहोचले नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचले ते डॉ. अमोल कोल्हे. प्रताप गंगावणे यांच्या लेखणीतून उतरलेला संभाजीराजा तिने पाहिला आणि लहानपणी ऐकलेले सगळे पुसून टाकले. पन्नास-साठ वर्षांच्या संशोधनाचे फळ एका निरक्षर कष्टकरी बाईच्या पदरात पडले, ते मालिकेमुळे. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नसते, त्यांनाच या कामाचे मोल नीट कळू शकेल.

डाग पुसताना

परंतु याच मालिकेने आजीच्या मनात आणखी एक गोष्ट पक्की केली. ती म्हणजे सोयराबाईंविषयीचा संताप. आजही घरात नाव निघाले की ती म्हणते, “त्या बाईचं नाव काढू नगंस. घरच्याच माणसानं घात केला.” मालिकेत दीर्घकाळ सोयराबाई महत्त्वाकांक्षी आणि कारस्थानी राणी म्हणून दिसत राहिल्या. स्नेहलता वसईकर यांनी ही भूमिका इतकी प्रभावी केली, की आमच्या गल्लीतील बायका पडद्याकडे बोटे मोडीत.

इतिहास काय सांगतो? ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाल्यावर अण्णाजी दत्तो आदी मंडळींनी सोयराबाईंचे पुत्र, दहा वर्षांचे राजाराम यांना गादीवर बसविले, हे खरे. परंतु सोयराबाईंचे सख्खे बंधू, सरनोबत हंबीरराव मोहिते, यांनी भाच्याची बाजू न घेता संभाजीराजांची घेतली, आणि बेत फसला. १६८१ मध्ये पुन्हा एक कट उघडकीस आला, अनेकांना देहदंड झाला, आणि त्याच वर्षी सोयराबाईंचे निधन झाले. या घटनांत त्यांचा वाटा किती आणि कारभाऱ्यांचा किती, हे ठरविणे सोपे नाही.

येथे एक साधन फार मोलाचे आहे. १६८० साली संभाजी महाराजांनी बाकरे यांना दिलेले संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात आपल्या या सावत्र मातेचे अंतःकरण स्फटिकासारखे निर्मळ असल्याचा उल्लेख आहे आणि दोष आहे तो मन कलुषित करणाऱ्या मंत्र्यांकडे. हे दानपत्र राजाराम गादीवर बसविले गेल्यानंतर काही महिन्यांतच दिलेले आहे. ज्याचे राज्य जाता जाता राहिले, तो राजा असे म्हणतो! राजकीय दस्तऐवजात सौजन्याची भाषा असते, हे मी विसरत नाही. तरीही सव्वाशे वर्षांनंतरच्या बखरीपेक्षा या ओळींचे वजन अधिक मानावे लागेल. शिवाजी महाराजांवर विषप्रयोग झाल्याची कुजबुज लोकांत अजून ऐकू येते. त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रांत मात्र मृत्यूचे कारण रक्तातिसार असे दिलेले आहे.

म्हणजे ज्या तऱ्हेच्या ऐकीव गोष्टींनी संभाजीराजे बदनाम झाले, त्याच तऱ्हेच्या गोष्टींनी त्यांची सावत्र आई बदनाम झाली. राजाचा डाग आपण पुसला. राणीचा तसाच ठेवला, किंबहुना अधिक गडद केला.

रोमच्या दोन राण्या

हे केवळ मराठीतच घडते असे नाही. प्राचीन रोमवरील मालिकांविषयी वाचताना मला हेच पुन्हा आढळले. १९७६ मध्ये बी. बी. सी. ने रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या कादंबऱ्यांवरून ‘आय, क्लॉडियस’ ही मालिका काढली. तिच्यात सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया आपल्या मुलास गादी मिळावी म्हणून एकामागून एक वारस दूर करते आणि अखेर पतीलाही अंजिरांतून विष देते. ऑगस्टस मरण पावला इसवी सन १४ मध्ये. लिव्हियावरील संशयाची नोंद करणारा टॅसिटस लिहितो सुमारे शंभर वर्षांनंतर, तीही काही लोकांचा संशय म्हणून. अंजिरांची गोष्ट सांगणारा डिओ कॅशियस तर दोनशे वर्षांनंतरचा. शहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेला माणूस आजाराने मरू शकतो, हे नाटकाला पुरत नाही.

दुसरे उदाहरण २००५ ते २००७ या काळातील ‘रोम’ या मालिकेचे. इटलीतील चिनेचित्ता स्टुडिओत प्रचंड नेपथ्य उभारून ती चित्रित झाली. सीझरने आपल्या गॉल युद्धाच्या वृत्तांतात ज्यांचा ओझरता उल्लेख केला, त्या व्होरेनस आणि पुल्लो या दोन सैनिकांच्या डोळ्यांनी तिने इतिहास दाखविला, ही कल्पना मला फार आवडली. परंतु त्याच मालिकेत ऑगस्टसची आई आतिया ही विलासी, कपटी स्त्री झाली. टॅसिटसने मात्र मुलाला काळजीपूर्वक वाढविणाऱ्या आदर्श मातांमध्ये आतियाची गणना केली आहे.

सावत्र मुलाच्या वाटेत उभी राहणारी आई, पुत्रमोहाने आंधळी झालेली राणी हा साचा रामायणातील कैकेयीपासून आपल्या परिचयाचा आहे. लेखकाला तो आयता मिळतो आणि प्रेक्षकाला चटकन समजतो. त्यातून मालिका रोज रात्री दाखवावयाची असते. रोज लढाई दाखविणे खर्चाचे असते. औरंगजेब तर कथेत पुष्कळ काळ दूर असतो. मग दररोजचा संघर्ष कोठून आणावयाचा? तो महालाच्या चार भिंतींत, बायकांच्या दालनात सापडतो. सासू-सुनेच्या मालिकांनी घालून दिलेली ही वाट ऐतिहासिक मालिकांनाही सोडता आलेली नाही, असे मला नम्रपणे वाटते.

कोणाचा आक्षेप ऐकला जातो?

प्रेक्षक ऐतिहासिक कलाकृतीकडे केवळ करमणूक म्हणून पाहत नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये ‘राजसंन्यास’वरील रागातून काही कार्यकर्त्यांनी पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडला. त्याच वर्षी ही मालिका सुरू झाली. २०२५ मध्ये ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा महाराजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप निघाला आणि ते दृश्य वगळण्यात आले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर दाखविल्याबद्दल निषेध केला, तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. पुतळे पाडून इतिहास दुरुस्त होत नाही, हे उघड आहे. परंतु यातून एक गोष्ट ध्यानात येते. ज्याच्यामागे बोलणारे लोक उभे आहेत, त्याचीच बाजू ऐकली जाते. सोयराबाईंसाठी कोणी रस्त्यावर आल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि यावे असेही माझे म्हणणे नाही. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी त्यांची कागदपत्रे पाहावीत.

माचणूरच्या घाटावर

शेवटी आपल्या जिल्ह्याविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाचा मुक्काम आपल्याच जिल्ह्यातील अकलूजला होता. तेथून तो भीमाकाठच्या बहादूरगडास गेला. ११ मार्च रोजी महाराजांचा अंत झाला, तोही भीमेच्या काठी. मालिका तेथे थांबली. परंतु तीच भीमा पुढे पंढरपूरवरून मंगळवेढा तालुक्यातील माचणूर-ब्रह्मपुरीस येते. तेथे १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती, आणि त्याच्या कैदेतील महाराणी येसूबाई आणि बाल शाहू यांचा त्या छावणीबरोबर येथेच मुक्काम होता.

मागील वर्षी मी माचणूरला गेले. सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन घाटावर बसले, तेव्हा येसूबाईंचा १६८९ मधील निर्णय आठवला. पती शत्रूच्या हाती सापडल्यावर त्यांनी गादीवर कोणाला बसविले? स्वतःच्या पुत्राला नव्हे, तर राजारामांना. म्हणजे सोयराबाईंच्या पुत्राला. राजाराम पुढे जिंजीस गेले आणि स्वराज्य टिकले. येसूबाई रायगडासह मोगलांच्या हाती पडल्या, त्या १७१९ साली सुटल्या. सुमारे तीस वर्षे कैद! सोयराबाईंविषयी येसूबाईंच्या मनात आजीइतका संताप असता, तर हा निर्णय त्यांच्या हातून झाला असता काय?

घरी आल्यावर मी हे सारे आजीला सांगितले. दानपत्राविषयीही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “राजानं सोताच तसं लिवून ठेवलंय व्हय? मग हे टीव्हीवाल्यांनी का नाही सांगितलं?”

माझ्यापाशी याचे पूर्ण उत्तर नव्हते. मालिका जेथे थांबते तेथून पुढे सांगण्याचे काम कोणाचे, हे मात्र मला त्या दिवशी कळले. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. वाचनालयात जे वाचावयास मिळते ते घरी नेऊन सांगणे, एवढे तरी माझ्याकडून व्हावे. मालिका जरूर पाहाव्यात. आजीने तर पाहाव्यातच. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसून कागद काय म्हणतो ते सांगणारे कोणीतरी प्रत्येक घरात असावे, एवढेच या लेखाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते.