मेजावरचे एंजिन

मेजावर मांडलेल्या रुळांवर ते डौलात उभे असते. लांबी अवघी १७ सेंटिमीटर! अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९३९ साली तयार झालेल्या 'एफटी' या डिझेल एंजिनाची ही प्रतिकृती होय. एकमेकांस जोडलेले त्याचे चार भाग ५,४०० अश्वशक्तीने अवजड मालगाडी ओढीत. वाफेच्या एंजिनांचे राज्य तेव्हापासून डळमळू लागले.

प्रतिकृतीतील प्रत्येक माप मुळाच्या ८७ व्या हिश्शाचे असते. बाजूच्या चार गोल खिडक्या, दाराजवळचे तारेचे बारीक दांडे, काहीही सुटत नाही. वजन मात्र कारागिराला चकविते. लांबी, रुंदी व उंची ८७ पटींनी घटली, की वजन साडेसहा लक्ष पटींहून अधिक घटते! मुळातला एक भाग सुमारे १०० टनांचा. त्या हिशेबाने प्रतिकृती दीडशे ग्रॅमच भरेल. एवढ्या हलक्या एंजिनाची चाके भार ओढताना जागीच घसरतील. म्हणून त्याच्या पोटात धातूचा ठोकळा बसवितात.

त्यात तेल नसते. चाके विजेच्या मोटारीवर फिरतात. ही फसवणूक मात्र नव्हे. मूळ एंजिनातही डिझेल यंत्र वीज निर्माण करी आणि चाके फिरवीत त्या विजेवर चालणाऱ्या मोटारीच. वाफेच्या एंजिनाच्या प्रतिकृतीतही बहुधा मोटारच असते. तिचे दट्टे बिचारे केवळ शोभेसाठी हलतात.