ऐकीव वार्ता उचलणारे हात

शास्त्रपाठ : निर्गम २३:१



मोबाइलवर आलेला संदेश खोटा ठरला की ‘तो मी लिहिला नव्हता, केवळ पुढे पाठवला’ असे आपण म्हणतो. हे समर्थन शास्त्राच्या कसोटीस उतरते काय, ते पाहू.

१. मूळ शब्द : या वचनात खोट्या वार्तेविषयीची आज्ञा आहे. तेथील इब्री क्रियापद ‘नासा’ याचा अर्थ उचलणे, वाहून नेणे. ‘शेमा’ म्हणजे कानी आलेली गोष्ट. अर्थात खोटे रचणाराच नव्हे, तर ते उचलून नेणाराही दोषी आहे. प्राचीन ग्रीक भाषांतर सेप्टुअजिंट आणि ओंकेलोसचा अरामी तार्गुम यांनी येथे ‘स्वीकारणे’ हा अर्थ घेतला आहे. भाषांतरकाराला एकच अर्थ निवडावा लागतो. वाचकाने दोन्ही ध्यानी ठेवावेत. आज्ञा कानालाही आहे आणि हातालाही.

२. परिणाम : १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. तशा टोळीच्या अफवा आधी मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्या पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना केवळ मुलांची काळजी वाटली असेल. तरी पाच जीव गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकवर आणली. यंत्र वेग रोखते. सत्याची पारख आपणच करावयाची असते.

३. आपले आचरण : ‘आज रात्री प्रार्थना करा’ अशी एका संकटाविषयीची विनंती मी एकदा मंडळीच्या गटात पाठवली. तीत तारीख नव्हती, गावाचे नावही नव्हते. बंधुभगिनींनी कळवळून प्रार्थना केली. तोच मजकूर कित्येक वर्षे फिरत असल्याचे मागाहून कळले. मी चूक कबूल केली. परंतु पुढे खरी विनंती आली, तेव्हा एका वृद्ध भगिनीने विचारले, “हे तरी खरे आहे ना?” माझ्या घाईची किंमत खऱ्या पीडिताला मोजावी लागली.

म्हणून पाठवण्यापूर्वी विचारा : हे कोणी पाहिले? केव्हा? कोठे? उत्तर न मिळाल्यास तो संदेश आपल्यापाशीच थांबू द्या.

मननासाठी : गेल्या आठवड्यात आपण पुढे पाठवलेल्या संदेशांपैकी कितींची खात्री केली होती? एखादा खोटा ठरला असल्यास, तो जेथे पाठवला तेथेच आज तसे कळवाल काय?