एक घर, दोन भाषा : मुक्तिबोध बंधू

पाठ-परिचय

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीनिमित्त देशाच्या अनेक भागांतून लोक आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा घरांत मराठी बोलली जाते, तर उंबरठ्याबाहेर हिंदी. मग आपली भाषा कोणती? एका मराठी घरातील दोन भावांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. त्यांपैकी थोरल्या भावाची अखेरची कर्मभूमी राजनांदगाव ही भिलाईपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

पाठ

मुक्तिबोध घराणे मूळचे खानदेशातील जळगावचे. उपजीविकेसाठी पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तिकडेच स्थिरावले. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. गजानन यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे, तर धाकटे शरच्चंद्र यांचा १९२१ मध्ये इंदूर येथे झाला. आई पार्वतीबाईंना वाचनाची आवड होती. हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद हे दोघेही त्यांचे आवडते लेखक. दोन्ही भाषांचे संस्कार मुलांवर असे घरातच झाले.

वडिलांच्या बदल्यांमुळे गजानन यांच्या शिक्षणात वारंवार खंड पडला. १९३० मध्ये मिडलच्या आणि १९३७ मध्ये बी.ए.च्या परीक्षेत त्यांना अपयश आले. पुढच्याच वर्षी ते बी.ए. झाले. शाळामास्तर, पत्रकार, आकाशवाणीतील नोकर अशी अनेक कामे त्यांनी केली. संसाराचा भार वाहत असतानाच, वयाची पस्तिशी उलटल्यावर, त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळवली. या पदवीमुळेच महाविद्यालयात अध्यापन करण्याचा मार्ग त्यांना मोकळा झाला.

१९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक झाले. त्याच सुमारास भिलाईचा कारखाना उभा राहत होता. फेब्रुवारी १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. राजनांदगावला त्यांना थोडे स्थैर्य लाभले आणि त्यांच्या लेखनाला बहर आला. परंतु १९६२ मध्ये त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा आघात त्यांच्या मनाला फार लागला. १९६४ च्या प्रारंभी त्यांना पक्षाघात झाला आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांच्या कवितांचा एकही स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध झाला नाही. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह त्यांना पाहता आला नाही. आज मात्र त्याच संग्रहामुळे आधुनिक हिंदी कवितेत त्यांचे स्थान अढळ आहे.

शरच्चंद्रांनी मराठीची वाट धरली. वाढले ते माळव्यात, हिंदीच्या सान्निध्यात. तरी लेखणी मराठीचीच राहिली. 'नवी मळवाट' (१९४९) आणि 'यात्रिक' (१९५७) या संग्रहांतून त्यांनी श्रमिक माणसाविषयीची आस्था व्यक्त केली. 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) या तीन कादंबऱ्यांत स्वातंत्र्यलढ्याच्या काळातील एका तरुणाची घडण त्यांनी रेखाटली. क्षिप्रा ही उज्जैनची नदी. अशा रीतीने माळव्याची भूमी मराठी कादंबरीत आली. त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोघांच्या भाषा भिन्न होत्या. सामान्य माणसाविषयीची तळमळ मात्र एकच होती. थोरल्याने हिंदीत लिहिले म्हणून त्याचे मराठीपण उणावले नाही आणि धाकट्याने मराठीत लिहिले म्हणून भोवतालची भूमी त्याला परकी झाली नाही. ज्या भाषेत आपले खरे म्हणणे मांडता येते, ती भाषा आपली असते. आणि अशा भाषा एकाहून अधिकही असू शकतात.

शब्दार्थ

कर्मभूमी – कार्याचे ठिकाण
झोतभट्टी – लोहखनिज वितळवून लोखंड तयार करण्याची उंच भट्टी
पक्षाघात – लकवा, अर्धांगवायू
मळवाट – नेहमीच्या वहिवाटीची, रुळलेली वाट

स्वाध्याय

१. मुक्तिबोध बंधूंवर दोन्ही भाषांचे संस्कार कसे झाले?
२. एम.ए. पदवीमुळे गजानन मुक्तिबोधांच्या जीवनात कोणता बदल घडला?
३. 'नवी मळवाट' या नावातील विरोध स्पष्ट करा.
४. तुम्ही घरी आणि घराबाहेर कोणत्या भाषा बोलता? मनातील गोष्ट कोणत्या भाषेत सांगावीशी वाटते? आठ-दहा ओळींत लिहा.