ओव्या आठवतात, गोळी आठवत नाही

प्रश्न : आमची आई ७६ वर्षांची. शाळेची पायरी कधी चढली नाही. जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या की तासभर थांबत नाही, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. पण बीपीची गोळी सकाळी घेतली का, हे दुपारी सांगता येत नाही. मागच्या महिन्यात वस्तीवरून गावात जाताना कॅनॉलच्या पुलापाशी वाट चुकली, शेजाऱ्यानं घरी आणून सोडलं. भावकीतले म्हणतात, वय झालं, चालायचंच. म्हातारपणी मेंदू नवीन काही शिकतो का, की नुसता झिजतच जातो?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : ओवी आणि गोळी, दोन्ही आठवणीच, पण मेंदूत त्यांची घरं वेगळी. आज घडलेलं टिपून घेण्याचं काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक. आकार समुद्रघोड्यासारखा, नावही त्यावरूनच पडलं. त्याला गावचा तलाठी समजा. तलाठी आजारी पडला म्हणून जुने सातबारे जळत नाहीत, पण नवा फेरफार काही नोंदला जात नाही.

हे कळलं ते एका दुर्दैवी माणसामुळे. हेन्री मोलायसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला सारख्या आकड्या येत. १९५३ साली शस्त्रक्रियेत त्याचा दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. आकड्या कमी झाल्या, पण पुढं २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला नवी आठवण जवळजवळ धरताच आली नाही. गंमत अशी, की ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तेव्हा दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला. आपण हे काल केलं होतं याचा त्याला पत्ताच नसे. डोकं विसरलं, हात शिकला.

तुमच्या आईंच्या ओव्यांत शब्द आहेत, चाल आहे आणि खुंटा फिरवणारा हातही आहे. वर्षानुवर्षं पहाटे घोटलेलं ते. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या वह्यांतून उतरवलेल्या नव्हत्या, बायकांच्या तोंडून आलेल्या होत्या. अल्झायमरमध्ये जुन्या गाण्यांशी जोडलेले मेंदूचे भाग तुलनेनं उशिरा झिजतात, असंही २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. इथंच घरचे लोक फसतात. म्हातारी एवढं पाठ म्हणते म्हणजे डोकं ठणठणीत, असं धरून चालतात.

आता कॅनॉलच्या पुलाबद्दल. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण पत्रात मला तीच ओळ टोचली. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं, एका नातवाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारणं, हे वयाचं. रोजच्या वाटेवर हरवणं वयाच्या खात्यावर टाकू नये. वाटांचा नकाशा सांभाळतो तोही हिप्पोकॅम्पस आणि त्याचा शेजार; त्या शोधासाठी २०१४ चं नोबेल दिलं गेलं. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीनं आपलं फार नुकसान केलंय. साठीनंतर सगळ्यांची बुद्धी नाठी होत असती तर स्मृतिभ्रंश हा आजार म्हणून वेगळा मोजायची गरज पडली नसती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांत सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे नव्वदहून अधिक जणांना तो नाही.

तेव्हा आधी दवाखाना. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढा आणि वाट चुकल्याची गोष्ट डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा. आई माळकरी असतील तर बी-१२ विशेष करून, कारण ते मांस-मासे-अंड्यांतून आणि थोडंफार दूधदुभत्यातून मिळतं. ते फार उतरलं की माणूस हुबेहूब स्मृतिभ्रंश झाल्यासारखा विसराळू होतो, आणि वेळेत भरून काढलं तर बरंचसं सावरतोही. मध्ये कधी पडल्या असतील, डोक्याला मार लागला असेल, झोपेची गोळी चालू असेल, तर तेही बोला. स्मरणशक्तीची चाचणी करताना त्या शाळेत गेलेल्या नाहीत हे आवर्जून सांगा. परदेशी पद्धतीच्या चाचणीत वाक्य लिहायला लावतात. न लिहिणाऱ्या माणसाचे गुण तिथंच जातात. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांसाठी हीच चाचणी हिंदीत बेतली, ती याच अडचणीपायी.

मेंदू म्हातारपणी शिकतो का? शिकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य, २०२२ च्या इन्फोसिस पुरस्काराच्या मानकरी, हेच शोधत आल्या आहेत, की वाढ पूर्ण झालेल्या मेंदूत अनुभवानं, ताणानं, औषधानं काय काय बदलतं. मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्मतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. २०१८ मध्ये दोन गटांनी एकमेकांविरुद्ध निष्कर्ष छापले. पेशींमधले जोड मात्र मरेपर्यंत बदलत राहतात, याबद्दल वाद नाही. लखनऊजवळच्या खेड्यांत तिशीच्या आसपासच्या निरक्षर बायकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं, तर मेंदूच्या अगदी बुडातल्या भागांचं कामकाजही बदललेलं दिसलं. त्या तरुण होत्या, खरं. पण मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेत, २०१६ पासून, साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी गिरवतात. तिथं स्कॅनिंगचं यंत्र कुणी नेलेलं नाही. मला मात्र ते बघायला आवडेल.

चालण्याचा पुरावा जास्त घट्ट आहे. २०११ च्या अमेरिकन प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालवलं. वर्षानं त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, नुसतं अंग ताणणाऱ्यांचा घटला. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्मरणशक्ती दोन्ही गटांची सुधारली, त्यामुळे या आकड्यावर फार उड्या मारू नयेत. शब्दकोड्यांच्या ॲपवर तर मुळीच नकोत. त्यापेक्षा कान तपासा. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली, त्यांत बहिरेपण आहे, रक्तदाब, मधुमेह आहे, एकटेपण आहे, मोतीबिंदूसारखी अधू नजरही आहे. ऐकू येत नाही म्हणून ओसरीवर गप्प बसलेली म्हातारी आपल्याकडं घरोघर दिसते आणि तिला कुणी आजारी म्हणत नाही.

आजार खरंच अल्झायमरचा निघाला तर यातल्या कशानंही तो उलटत नाही. तरी गोळ्यांना सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली डबी आणा, ती रोज एकाच जागी, चुलीपाशी किंवा देव्हाऱ्यापाशी ठेवा; जागेची सवय हात शिकतो. नातीला शेजारी बसवून ओव्या लिहून घ्यायला सांगा. आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला येईल तेव्हा आईंना नेणार असाल तर जरूर न्या. गर्दीत हात सोडू नका, आणि बटव्यात नाव, गाव, तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.