दोन हर्निया, दोन रात्री

उजव्या जांघेतला हर्निया सहा वर्षांपूर्वी, डावा गेल्या दिवाळीनंतर. दोन्ही वेळा छेद घेऊन जाळी बसवली. ऑपरेशन तेच, पण त्यानंतरची रात्र अगदी वेगळी गेली. फरक औषधांचा होता.

१. कळ येण्याआधी औषध पोटात हवं. पहिल्या वेळी ‘सोसवेल तेवढं सोसू’ म्हणून मी गोळी नको म्हणत राहिलो. कमरेखालची भूल उतरली आणि रात्री दोनला खोकला आला. टाक्यांवर उशी घट्ट दाबली, तरी डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर घेतलेल्या गोळीचा गुण यायला तासभर गेला. दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनआधीच पॅरासिटामॉल दिलं आणि पुढे दर सहा तासांनी, दुखो न दुखो.

२. सर्वांत जास्त फायदा जखमेतल्या इंजेक्शनाचा झाला. सर्जननी टाके घालताना आत बुपिव्हाकेन टोचलं. ती जागा काही तास बधिर राहते. संध्याकाळी मी बायकोचा हात धरून संडासापर्यंत चालत गेलो. हे इंजेक्शन देणार का, ते आधीच विचारा. विचारण्यात संकोच कसला?

३. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या सूज उतरवतात. पॅरासिटामॉलच्या जोडीला उत्तम. पण किडनी, अल्सर, हृदयविकार असेल तर धोका. माझं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून मला दिल्या नाहीत. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी घेऊ नका.

४. ट्रामाडॉल पहिल्या वेळी घेतलं. कळ थांबली, पण मळमळ सुरू झाली, पोट साफ होईना. तिसऱ्या दिवशी कुंथताना टाक्यांवर आलेला ताण आठवला की अजून अंगावर काटा येतो. घ्यावंच लागलं तर सोबत जुलाबाचं सौम्य औषध मागून घ्या.

५. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन काही ठिकाणी ऑपरेशनआधी देतात. त्याने झापड येते, तोल जातो. साठीनंतर सरसकट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

६. तीन महिन्यांनंतरही चुणचुण, आग होत असेल तर गोळ्या गिळत बसू नका, सर्जनना दाखवा. जाळीच्या आसपास नसा असतात, त्या दुखावलेल्या असू शकतात.

७. घरी आल्यावर सर्दीची गोळी घेताना पाकीट वाचा. तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी.